खालच्या अंगठ्याचा आकडा

डोळ्यांच्या दवाखान्यात वाट बघत बसलेल्या माणसांना करमणूक अशी काही नसते. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले की जवळचं सगळं धूसर होतं, पेपर वाचता येत नाही. मग माणसं एकमेकांच्या चपला बघत बसतात, नाहीतर डोळे मिटून घरच्या भांडणांची उजळणी करतात. पण त्या सकाळी डॉक्टरणीनं तपासणीच्या खोलीचं दार उघडून पुढच्या पेशंटला हाक मारली, तर कुणी ओ देईना. बाकांवरची झाडून सगळी माणसं कोपऱ्यात एका फोनभोवती गोळा झाली होती. डोळ्यांत थेंब घातलेलेसुद्धा त्यात होते. त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण गर्दी जमली असताना बाकावर एकटं कोण बसणार?

फोन निवृत्त मास्तरांचा होता. मास्तरांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं आणि अजूनही चार माणसं समोर दिसली की त्यांचा हात खडू शोधायला खिशात जायचा. स्क्रीनवर पांढऱ्या कपड्यांतला, दाढी नीट कातरलेला एक गृहस्थ मंद हसत होता. त्याला सगळे नजरगुरू म्हणत. त्याच्या व्हिडिओखाली दोन अंगठे होते, एक वर वळलेला, एक खाली. वरच्याशेजारी लाखांतला आकडा. खालच्याशेजारी कोरी जागा.

“दाबा,” मास्तर म्हणत होते. “ज्याला शंका असेल त्यानं तर आधी दाबा.”

एका बसचालकानं धीर करून बोट पुढं केलं आणि खालचा अंगठा दाबला. अंगठा काळा झाला, एवढंच. शेजारी आकडा काही उमटला नाही. एक नाही, दोन नाही, काहीच नाही. चालकानं बोट असं मागं घेतलं की जणू तव्यावर टेकलं होतं, आणि गर्दीतून एक लांबलचक ‘बघा’ निघाला.

नजरगुरूनं व्हिडिओत हेच सांगून ठेवलं होतं. पूर्वी म्हणे त्याच्याही व्हिडिओखाली नकाराचा आकडा दिसायचा. त्यानं विरोध केला नाही, तक्रार केली नाही, तो मौनात गेला. मौनातून बाहेर आला तर आकडा नाहीसा. “नकार इथं उमटतच नाही,” तो मधाळ आवाजात म्हणत होता. “तुम्ही दाबून बघा. तुमची शंकाही मी पोटात घालतो.” आणि मग मूळ मुद्दा. डोळा म्हणजे दरवाजा. दरवाजाला कडी असते. कडी आतून असते. बाहेरून थेंब टाकून आतली कडी कशी निघेल? तेव्हा औषधाचे थेंब सोडा, स्क्रीनवरच्या निळ्या वर्तुळाकडे पापणी न हलवता बघा, डोळे मिटा, आणि आतला सोनेरी प्रकाश दिसला की समजा, कडी निघाली. ऐकायला काय गोड वाटतं! दोन मिनिटं विचार केला तर कळतं की या माणसाला डोळाही माहीत नाही आणि कडीही नाही. पण ती दोन मिनिटं काढायची कुणी?

“लाख माणसांनी चांगलं म्हटलं आणि वाईट म्हणणारा एक नाही,” मास्तरांनी डॉक्टरणीकडे वळून समारोप केला. “डॉक्टर, हे गणितात बसत नाही. आणि जे गणितात बसत नाही ते गणिताच्या पलीकडचं असतं.”

डॉक्टरीण दारातच उभी राहिली. रागवावं एवढीसुद्धा ताकद तिच्यात उरली नव्हती. थेंब बंद करून आलेले पेशंट मोजणं तिनं केव्हाच सोडलं होतं. तिनं स्वतःचा फोन काढला, स्वयंपाकघरातलं तुंबलेलं सिंक कसं मोकळं करावं याचा एक व्हिडिओ लावला आणि मास्तरांच्या हातात दिला. तिथंही वरच्या अंगठ्याला आकडा, खालच्याला कोरी जागा. मग तिनं समजावून सांगितलं की हे त्या साइटनंच केलंय, सगळ्यांसाठी, केव्हाचंच. नापसंती मोजली जाते, फक्त बघणाऱ्यांना दाखवत नाहीत. यात मौन नाही की साधना नाही.

मास्तरांनी सिंकचा व्हिडिओ नीट बघितला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जुने मास्तर दिसले, मग मावळले. “म्हणजे गुरूंच्या मौनाचा परिणाम इतक्या दूरवर गेला,” ते म्हणाले.

आता यावर काय बोलणार, कपाळ? तरी तिनं आणखी एक खटपट केली. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याचं निळं झाकण काढून भिंतीला टेकवलं आणि ज्यांना नीट दिसत होतं त्यांना म्हणाली, बघा याच्याकडे टक लावून. माणसांनी निमूट बघितलं, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनी एकेकाचं तोंड उघडं पडलं. सोनेरी प्रकाश! तोच! निळा रंग बघून डोळ्याचा पडदा थकतो आणि उलटा रंग दाखवतो, लाल बघितलात तर हिरवा दिसेल, शाळेतल्या मुलांनाही हे करून दाखवतात, असं तिनं सांगितलं. बसचालक विचारात पडला खरा. पण एका आजीबाईंनी उठून त्या झाकणाला हात लावून नमस्कार केला, तेव्हा डॉक्टरणीनं ते उचलून परत डब्यावर ठेवलं आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

गप्प मात्र ती बसली नव्हती. नजरगुरूच्या प्रत्येक नव्या व्हिडिओखाली ती स्वतःच्या नावानिशी लिहायची: मी नेत्रतज्ज्ञ आहे, काचबिंदूचे थेंब बंद करू नका, या आजारात गेलेली नजर परत येत नाही. दुपारी डबा खाता खाता एका हातानं टाइप करायची. वर-खाली नुसता कौतुकाचा पूर असायचा, चष्मा सुटला, अंधारी गेली, धन्य झालो, आणि मध्ये तिची ती कोरडी ओळ. त्या ओळीला कधी कुणी उत्तर दिलं नाही. कुणी वाद घातला नाही, शिवीसुद्धा दिली नाही. शिवी आली असती तर तिला बरं वाटलं असतं. एवढी माणसं वाचतात आणि पुढं जातात, म्हणजे आपल्या शब्दाला काही किंमतच उरली नाही, असं तिनं मनाशी धरलं आणि तरी ती लिहीत राहिली. सवय, दुसरं काय.

त्या आठवड्यात तिला एक गोष्ट खटकली. तिची ताई तपासणीला आली नव्हती. आधीच्या वेळीही आली नव्हती, कामाचं निमित्त सांगून टाळलं होतं.

ही ताई म्हणजे नुसती मोठी बहीण नव्हे. आई गेली तेव्हा डॉक्टरीण फ्रॉकमध्ये होती आणि ताई नुकती शिवण शिकली होती. शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय मारून ताईनं घर चालवलं, धाकटीला शिकवलं, स्वतःचा संसारही केला. धाकटीचा पहिला डॉक्टरी कोटही तिनंच शिवला होता. पुढं त्याच धाकटीनं तिच्या डोळ्यांतला काचबिंदू शोधून काढला. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते, ना दुखत ना खुपत. रोज संध्याकाळी थेंब घातला तर नजर आहे तिथं थांबते. नाही घातला तर कडेनं मिटत येते, आणि मिटलेली परत उघडत नाही. ताईला हे पाठ होतं. निदान डॉक्टरीण तसं समजत होती.

रविवारी दुपारी ती ताईकडे गेली. खोलीत नेहमीसारख्या कापडाच्या चिंध्या, मशीनवर अर्धा शिवलेला पडदा, भिंतीला टेकून इस्त्रीचं टेबल. ताईनं तिला बघताच सुईदोरा उचलला आणि एका फटक्यात ओवून दाखवला. “बघ छोटे,” ती म्हणाली, “तुझ्या तपासणीची गरज आहे का मला?”

डॉक्टरणीनं आत जाऊन दोघींसाठी चहा केला आणि ताईचा कप तिच्या डाव्या हाताशी, टेबलाच्या कडेला ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, पडद्याचं गिऱ्हाईक, महागाई. कपातून वाफ येत होती आणि ताई समोर बघत बोलत होती.

“चहा करायला गेली होतीस ना?” ताईनं शेवटी विचारलं. “का साखर संपली?”

डॉक्टरणीनं कप उचलून ताईच्या समोर धरला. ताई ओशाळून हसली, म्हणाली, लक्षच नव्हतं गं. पण दोघींनाही कळलं होतं. डॉक्टरीण उठली आणि थेंबाची बाटली शोधू लागली. ती मिळाली बटणांच्या डब्यात, सगळ्यात खाली. झाकणाचं सील तसंच होतं.

मग जे व्हायचं ते झालं. डॉक्टरीण आयुष्यात पहिल्यांदा ताईवर ओरडली, आणि ताईही काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. किती वर्षं थेंब घालायचे, तिनं विचारलं, तूच म्हणतेस की त्यानं बरं काही होत नाही, नुसतं थांबतं. हे गुरू बरं करतात. हजारो लोक लिहितात, मी रोज वाचते, रात्री डोळ्याला डोळा लागेपर्यंत वाचते. एकाचंही वाईट झालेलं नाही.

“मी लिहिलंय तिथं,” डॉक्टरीण म्हणाली. “प्रत्येक व्हिडिओखाली लिहिलंय. माझ्या नावानं. ते नाही वाचलंस?”

ताईचा चेहरा कठीण झाला. “एकूण एक ओळ वाचते मी,” ती म्हणाली. “तुझं नाव कुठंही नाही. डॉक्टर झालीस ती माझ्याशी खोटं बोलायला का?”

हे मात्र डॉक्टरणीला लागलं. तिनं फोन काढून तो ताज्यातला ताजा व्हिडिओ उघडला आणि आपली ओळ दाखवली. ताईनं आपला फोन काढला, तोच व्हिडिओ उघडला, खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. नाही. दोघी एकमेकींकडे संशयानं बघत राहिल्या, लहानपणी एकाच डब्यातला लाडू कुणी खाल्ला यावरून बघायच्या तशा.

आवाज ऐकून आतल्या खोलीतून ताईची मुलगी आली. तिशी उलटली तरी घरात तिला बबडीच म्हणत. ती एका फर्निचरच्या दुकानात कामाला होती, दुकानाचं व्हिडिओ चॅनेल तिच्याकडे होतं. तिनं दोन्ही फोन कापण्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हीकडे कॉमेंट एकाच क्रमानं लावल्या, नवीन ती आधी. मग दोन बोटांनी दोन्ही स्क्रीन एकदमच सरकवायला लागली. धन्य झालो, इकडे आणि तिकडे. चष्मा सुटला, इकडे आणि तिकडे. गुरू आपले उपकार, दोन्हीकडे. मग डॉक्टरणीच्या फोनवर आली तिची ओळ. ताईच्या फोनवर त्या जागी थेट पुढचं कौतुक. मध्ये फट नाही, खूण नाही, काही पुसल्याचा डागसुद्धा नाही.

बबडीनं स्वतःचाही फोन बघितला. तिच्याकडेही ती ओळ नव्हती. ती खाली बसली.

“मावशी, त्यानं तुला लपवलंय,” ती मग म्हणाली. “पुसलं असतं तर तुला कळलं असतं, तू भांडली असतीस, दुसऱ्या नावानं आली असतीस. लपवलं की तुझं लिहिलेलं फक्त तुलाच दिसतं. जगाला दिसत नाही. तू आपली समजतेस मी बोलतेय.”

तुला कसं माहीत, असं कुणी विचारायच्या आतच तिनं दुकानाचं चॅनेल मालकाच्या बाजूनं उघडून दाखवलं. तिथं खालच्या अंगठ्याचा आकडा ठळक होता. मालकाला दिसतो, गिऱ्हाइकाला नाही. आणि एका कोपऱ्यात लपवलेल्या लोकांची रांग: सोफ्याचा पाय हलतो, कपाटाचं दार लागत नाही, पैसे परत द्या. दुकानदार लपवायला सांगतो आणि मी लपवते, बबडी म्हणाली. ती आईकडे बघत नव्हती. सोफ्याचा पाय हलला तर माणूस पडत नाही, असं स्वतःला सांगते, ती पुटपुटली, आणि मग तेही तिला पुरेसं वाटलं नसावं.

डॉक्टरणीला वाटलं होतं तिला राग येईल. आला थकवा. इतक्या दुपारी, इतके डबे, इतकं एका हातानं टाइप करणं, आणि ती सगळा वेळ रिकाम्या खोलीत बोलत होती. माणसांनी तिच्याकडे पाठ फिरवलेली नव्हती. तिथं माणसंच नव्हती.

ताई मात्र वेगळाच विचार करत होती. ती आपल्या फोनवर काहीतरी शोधत होती.

“मग माझं बघ,” ती म्हणाली.

“तुझं काय?”

“मीही लिहिलंय. दोन महिने झाले असतील. ते अजून आहे तिथं. त्यांनी काढलं नाही, म्हणजे कधीतरी उत्तर देणार, म्हणून मी थांबलेय.”

तिनं फोन पुढं केला. कौतुकाच्या त्या गर्दीत ताईची ओळ होती: ‘गुरुजी, तुम्ही सांगता तसं रोज करते. प्रकाश दिसतो. पण डाव्या हाताशी ठेवलेली कात्री सापडत नाही. इथं सगळ्यांना गुण आला, मलाच का नाही? माझं काही चुकतंय का?’

डॉक्टरणीनं आपल्या फोनवर शोधलं. बबडीनं तिच्या फोनवर शोधलं. दोघींनी दोनदा शोधलं, कारण मान वर करून ताईकडे बघायचं दोघींच्याही जिवावर आलं होतं.

“नाही ना?” ताई म्हणाली.

“नाही, ताई.”

ताईनं फोन पालथा ठेवला. बराच वेळ ती नुसती पडद्याच्या कापडाची किनार बोटांनी सरळ करत राहिली. “मला वाटायचं माझ्यातच खोट आहे,” ती म्हणाली. “एवढ्या लोकांत मी एकटीच करंटी. तुला कसं सांगणार होते मी?” आणि मग तिला रडू आलं. काचबिंदू कळला तेव्हा ती रडली नव्हती. त्या दिवशी रडली. डॉक्टरणीनं तिला जवळ घेतलं, बबडीनं बाटलीचं सील तोडलं, आणि संध्याकाळ व्हायची वाट न बघता ताईच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दवाखान्यात आली. नजरेच्या कडा तपासायचं यंत्र म्हणजे एक मोठा पांढरा घुमट. त्यात हनुवटी टेकवून मधल्या खुणेकडे बघत राहायचं, कडेला कुठं कुठं बारीक ठिपका चमकतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. ताईनं मन लावून बटण दाबलं. संपल्यावर ती म्हणाली, या वेळी सगळे दिसले, एकही सुटला नाही. मग डॉक्टरणीनं तिला नकाशा दाखवला. डावीकडचा मोठा भाग काळा होता.

“इथं ठिपके लागले होते?” ताईनं विचारलं.

“भरपूर.”

“मग मला अंधार का नाही दिसला?”

डॉक्टरीण हे रोज कुणाला ना कुणाला सांगायची, आणि रोज तिला ते जड जायचं. नजर जाते तिथं काळं दिसत नाही. तिथं काहीच दिसत नाही, आणि मेंदू आजूबाजूच्या भिंतीचा रंग घेऊन ती जागा बेमालूम भरून टाकतो. म्हणून माणसाला वाटतं सगळं दिसतंय. सुई ओवता येते, कारण सुई मधोमध असते. हा भाग परत येणार नाही, तिनं ताईला सरळ सांगितलं, थेंब चालू ठेवलेस तर उरलेला राहील. आणि इथून पुढं रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, चहा शोधताना डावीकडे मान वळवून बघायची. डोळा आपल्याला सांगत नाही, तेव्हा मानेला काम लावायचं.

ताईनं तो नकाशा बराच वेळ बघितला. “म्हणजे त्या कॉमेंटसारखंच,” ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

बाहेर मास्तरांचा फड जमलेलाच होता. नवा व्हिडिओ आला होता. गुरू आता म्हणत होता की ज्यांना गुण येत नाही त्यांच्या मनात गुपचूप शंका असते, आणि माझ्या लाखो लोकांत असा एकही नाही, खाली वाचून बघा. ताई त्यांच्या समोर उभी राहिली. भाषण करणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं आपलं काय झालं ते कापड मापावं तशा सरळ आवाजात सांगितलं: थेंब बंद केले, कात्री सापडेना, गुरूला विचारलं, आणि विचारलेलं माझ्याशिवाय कुणालाच दिसलं नाही. मग म्हणाली, “तुमच्यापैकी कुणी तिथं लिहिलंय का, की मला गुण आला नाही म्हणून?”

कुणी हललं नाही. माणसं पुन्हा एकमेकांच्या चपला बघू लागली. डॉक्टरीण दारात उभी होती आणि तिला वाटलं, झालं, हेही झाकणासारखंच जाणार.

मग बसचालकानं हात वर केला. फार नाही, खांद्यापर्यंत. रात्रीच्या फेरीला समोरून दिवे आले की वर्तुळं दिसतात, असं त्यानं लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. झाकणाला नमस्कार करणाऱ्या आजीबाईंनी हात वर केला. त्यांनी नातीकडून लिहवून घेतलं होतं. मागच्या बाकावरून आणखी एक हात, मग खिडकीजवळून. जो तो आपल्या फोनवर आपली ओळ उघडी करून शेजाऱ्याच्या फोनवर शोधू लागला. सापडेना. ज्याची त्याला, ज्याची त्याला. खोलीत कुजबुज वाढली आणि मग एकदम कमी झाली.

मास्तरांनी सवयीनं बोट वर करून हात मोजायला सुरुवात केली. वर्गात मोजायचे तसेच, उजवीकडून डावीकडे, ओठ हलवत. शेवटच्या बाकाशी पोचले आणि थांबले. त्यांनी फोन खिशात ठेवला. खिशातून हात बाहेर आला तेव्हा त्यात खडू नव्हता, आणि क्षणभर त्या हाताचं काय करावं हे त्यांना समजेना.

“अधिक एक,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तो वर केला.

कुणी हसलं नाही. मास्तरांनी तीन व्हिडिओंखाली लिहिलं होतं, उजव्या डोळ्यानं फळ्यावरची ओळ मधेच तुटते म्हणून. उत्तर नाही आलं तेव्हा ते जास्त जोरात प्रचार करू लागले. आपली श्रद्धा कमी पडतेय, ती वाढवावी म्हणून. लाखाला शून्य, असं ते रोज सांगत होते, आणि त्या शून्यात ते स्वतः बसलेले होते.

डॉक्टरणीला आता बोलावंसं वाटलं. आवाज चढवायची गरज नव्हती.

“मी तुम्हाला कुणाला मानू नका असं म्हणत नाही,” ती म्हणाली. “मलासुद्धा डोळे मिटून मानू नका. कुणीही म्हणालं की सगळ्यांना गुण आला, तर एवढंच विचारा: ज्यांना आला नाही ते कुठं बोलतात, आणि त्यांचं बोलणं मला ऐकू येतं का? येत नसेल तर जाऊन त्यांना शोधा. ते बहुतेक शेजारच्याच बाकावर असतात. आणि औषध बंद करायचं असेल तर आधी माझ्याशी भांडायला या. मी आहे इथं.”

एवढं झालं म्हणून नजरगुरू काही बंद पडला नाही. त्याच्या वरच्या अंगठ्याचा आकडा संध्याकाळपर्यंत आणखी वाढला, आणि बाकावरचे दोघंजण, झालं ते सगळं बघूनही, जाताना त्याचाच आवाज लावून गेले. डॉक्टरणीनं तेही बघितलं. उद्या त्यांना पुन्हा सांगावं लागणार, परवा आणखी कुणाला. मास्तर मात्र आत आले, घुमटात हनुवटी टेकवून बसले आणि त्यांनी विचारलं, न दिसलेला ठिपका मोजायचा कसा? बटण दाबू नका, ती म्हणाली, मोजायचं काम यंत्राचं, लपवायचं काम त्याला येत नाही.

ताई जायला निघाली. दाराशी ती थांबली, पायऱ्यांच्या डाव्या बाजूला कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती. तिला ती दिसली नव्हती. तिनं मान पूर्ण वळवली, सायकल बघितली, तिला वळसा घातला, आणि जपून एक एक पायरी उतरून गेली.